रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

खिदिरपूरची गोदी बांधली जात होती त्या काळात मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. ती मिळवून दिली नारायण मेघाजी लोखंडे यांनी.

जन्म १८४८, ठाणे. जोतीराव फुल्यांचे हे सहकारी काही काळ गिरणीत स्टोअरकीपर होते. त्यामुळे मालकांचा हिशेब आणि कामगारांचे हाल, दोन्ही त्यांना ठाऊक होते. १८८४ मध्ये सभा घेऊन त्यांनी मागण्या ठरवल्या: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, जखमींना भरपाई. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनकडे गेला; पदरात काही पडले नाही.

लोखंडे खचले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी त्यांनी १०,००० कामगारांची सभा भरवली. तीत दोन स्त्रियाही बोलल्या. या वेळी अर्ज थेट गिरणीमालकांच्या संघाकडे गेला आणि मागणी एकच होती, साप्ताहिक सुट्टी. १० जूनला मालकांनी ती मान्य केली.

१८९७ च्या प्लेगात लोखंडे वारले.

छात्रहो, उद्या तुमच्या हाताखाली माणसे असतील. त्यांच्यासाठी वरिष्ठांकडे काही मागताना आधी त्यांचे ऐका, मागणी नेमकी ठेवा आणि जो ती देऊ शकतो त्याच्याकडेच जा.