फादर थॉमस स्टीफन्स आणि पंथभेदाची भिंत

वडूजकडील आमच्या लहान मंडळ्यांतून एक प्रश्न वरचेवर निघत असतो. एखाद्या घरची मुलगी मुंबईस किंवा वसईस रोमन कॅथॉलिक कुटुंबांत दिली, किंवा कामधंद्यासाठीं शहरांत गेलेला मुलगा त्या मंडळीच्या उपासनेस जाऊं लागला, म्हणजे तीं लेंकरें आपलीं राहिलीं कीं परकीं झालीं, असें लोक उपदेशकांस विचारितात. विचारणाराचा हेतु बहुधा चांगला असतो. पण उत्तर देतांना कित्येकदां कडू शब्द निघतात, आणि मग लग्नाच्या मांडवांत व मरणाच्या घरींहि माणसें एकमेकांपासून दूर बसतात. या प्रश्नावर वाद घालण्यापेक्षां, आमच्या भाषेवर जीव लावणाऱ्या एका रोमन कॅथॉलिक पुरुषाचें चरित्र वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अधिक हितकर वाटतें.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत बुश्टन नांवाच्या खेड्यांत झाला. त्या वेळीं गादीवर सहावा एडवर्ड हा प्रॉटेस्टंट राजा होता. १५५३ सालीं मेरी राणी आली. ती रोमन कॅथॉलिक होती, आणि तिच्या पांच वर्षांच्या अमलांत सुमारें २८० प्रॉटेस्टंट स्त्रीपुरुषांस जिवंत जाळण्यांत आलें. १५५८ सालीं एलिझाबेथ राणी झाली आणि राज्य पुन्हां प्रॉटेस्टंट झालें. म्हणजे हें मूल दहा वर्षांचें होण्यापूर्वींच देशाचा राजधर्म दोनदां पालटला होता. आतां छळ सोसण्याची पाळी रोमन कॅथॉलिकांवर आली. जो रविवारीं सरकारी मंडळीच्या उपासनेस जाणार नाहीं त्यास १२ पेन्स दंड होई. १५८१ सालीं हा दंड महिन्यास २० पौंडांवर गेला. ज्या बाजूच्या हातीं तरवार आली तिनें ती दुसऱ्या बाजूवर चालविली. या बाबतींत कोणत्याहि पंथाचे हात स्वच्छ राहिले नाहींत.

तरुणपणीं स्टीफन्स यांचा थॉमस पाउंड नांवाच्या एका श्रीमंत कॅथॉलिक गृहस्थाशीं स्नेह जडला. दोघांनीं मिळून रोमास जाऊन येशूसंघांत शिरण्याचा बेत केला. परंतु निघण्यापूर्वींच पाउंड पकडला गेला, आणि पुढें त्याचीं सुमारें ३० वर्षें निरनिराळ्या तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स मात्र निसटले. १५७५ सालीं रोमांत त्यांस येशूसंघांत घेण्यांत आलें. ४ एप्रिल १५७९ रोजीं ते लिस्बन बंदरांतून जहाजावर चढले आणि २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास उतरले. हिंदुस्थानांत येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून त्यांचें नांव सांगतात. मायदेश त्यांस पुन्हां दिसला नाहीं.

गोव्यांत आल्यानें ते छळाच्या प्रदेशांतून सुटले असें मात्र झालें नाहीं. येथें तरवार त्यांच्याच पंथाच्या हातीं होती. १५६० पासून तेथें इन्क्विझिशन नांवाचें धर्मन्यायालय बसलें होतें, आणि साष्टी प्रांतांतील देवळें पोर्तुगीजांनीं पाडिलीं होतीं. लोकांच्या मनांत राग सांचला होता. १५ जुलै १५८३ रोजीं कुंकळ्ळी येथें गांवकऱ्यांनीं येशूसंघाच्या पांच जणांस ठार मारिलें. त्यांचीं प्रेतें मिळवून त्यांस मूठमाती देण्याचें दुःखाचें काम स्टीफन्स यांच्यावर आलें. पुढें पोर्तुगीजांनीं गांवच्या प्रमुखांस असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून नेलें आणि त्यांपैकीं बहुतेकांचा वध केला. हा भाग झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. स्टीफन्स ज्या सत्तेच्या छत्राखालीं राहिले ती सत्ता निर्दोष नव्हती.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या अंतःकरणाची खरी परीक्षा झाली. जॉन न्यूबेरी व राल्फ फिच हे दोन इंग्रज व्यापारी, विल्यम लीड्स हा जवाहिऱ्या व जेम्स स्टोरी हा चितारी, असे चौघे हिंदुस्थानाकडे येत असतां होर्मुझ बंदरांत पोर्तुगीजांनीं त्यांस हेर समजून पकडिलें, आणि गोव्यास आणून बंदिशाळेंत घातलें. ते पाखंडी असावे असाहि संशय होता. ज्या राज्यानें पाउंडास तुरुंगांत कोंडिलें, ज्या राज्यानें एडमंड कॅम्पियन या येशूसंघाच्या पाद्र्यास दोनच वर्षांपूर्वीं, म्हणजे १ डिसेंबर १५८१ रोजीं, फांशीं दिलें, त्याच राज्याचीं हीं माणसें होतीं. फादर स्टीफन्स यांनीं मान फिरविली असती तर गोव्यांत त्यांस कोणीं बोल लाविला नसता. परंतु ते त्यांच्यासाठीं रदबदली करूं लागले. आर्चबिशपांच्या पदरीं असलेला यान व्हान लिन्सखोटेन नांवाचा डच तरुणहि त्यांच्या साह्यास आला. डिसेंबर महिन्यांतच ते बंदिवान जामिनावर सुटले. फादर स्टीफन्स यांनीं आपल्यासाठीं फार खटपट केली, असें न्यूबेरीनें आपल्या पत्रांत कृतज्ञतेनें कळविलें. चितारी स्टोरी गोव्यांतच येशूसंघाकडे राहिला. इतर तिघे १५८४ च्या एप्रिलांत पळून विजापूरच्या मुलुखांत शिरले. फिच १५९१ सालीं सुखरूप घरीं पोंचला.

पंथभेदास राजसत्तेची व जुन्या वैराची जोड मिळाली म्हणजे त्याचें विष किती पिढ्या टिकतें, हें इंग्लंडाशेजारच्या आयर्लंड बेटावर दिसून आलें. तेथें माणसाचें नांव, त्याची शाळा आणि त्याची आळी कळली कीं तो प्रॉटेस्टंट कीं कॅथॉलिक हें लोक ओळखीत. १६९० सालच्या बॉयन नदीवरील लढाईंत प्रॉटेस्टंट राजाचा जय झाला. त्याची आठवण म्हणून अजूनहि दरवर्षीं १२ जुलै रोजीं तेथें ढोल वाजवीत मिरवणुकी निघतात. १९६० नंतरच्या दशकाच्या शेवटीं पेटलेल्या तंट्यांत ३,५०० च्या सुमारास माणसें मेलीं. १९९८ च्या एप्रिलांत करार झाला तेव्हां कोठें तो बव्हंशीं शमला. दोन्ही पक्ष एकाच प्रभूचें नांव घेणारे होते!

आतां फादर स्टीफन्स यांच्या मुख्य कार्याकडे वळूं. जवळ जवळ ४० वर्षें त्यांनीं साष्टी प्रांतांतील लोकांत काढिलीं आणि त्यांची भाषा आपली केली. नव्या ख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें सुटलीं, तर त्यांच्या जागीं त्यांनीं काय वाचावें व गावें, ही अडचण त्यांस समजली होती; ती त्यांनीं आपल्या ग्रंथाच्या आरंभींच मांडिली आहे. हा ग्रंथ म्हणजे ख्रिस्तपुराण. तो १६१६ सालीं राचोल येथें छापला गेला. त्यांत सुमारें ११,००० ओंव्या आहेत. पहिल्या पुराणांत जुन्या कराराची कथा व दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र आहे. मराठी अक्षरांचे ठसे नसल्यामुळें तो रोमन अक्षरांत छापावा लागला. भाषा मात्र मराठी, तींत कोंकणी शब्दांचा मेळ. ज्ञानेश्वरी ज्या ओवींत झाली, आणि आमच्या खटाव-माण भागांतील आयाबहिणी जात्यावर जी ओवी गात आल्या, तिचेंच रूप त्यांनीं आपल्या ग्रंथासाठीं निवडिलें. १६१९ सालीं ते गोव्यांत वारले. त्यांचें ख्रिस्ती शिक्षणाचें पुस्तक १६२२ सालीं व कोंकणी भाषेचें व्याकरण १६४० सालीं, म्हणजे त्यांच्या मागें, प्रसिद्ध झालें.

या ग्रंथाचें पुढें काय झालें तेंहि ऐकण्यासारखें आहे. १६४९ व १६५४ सालीं तो पुन्हां छापला गेला. परंतु या तीन आवृत्त्यांची एकहि प्रत आज हातीं नाहीं. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेविरुद्ध हुकूम काढिला. तरी मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं हस्तलिखितें जपून ठेविलीं, आणि त्यांवरून १९०७ सालीं जोसेफ साल्ढाणा यांनीं ग्रंथ पुन्हां छापिला. पुढें त्याची देवनागरी प्रत लंडन येथील मार्सडन संग्रहांत असल्याचें ज्यांनीं १९२३ सालीं जगास कळविलें, ते जस्टिन अ‍ॅबट अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे प्रॉटेस्टंट मिशनरी होते. १९५६ सालीं पुण्यास शांताराम बंडेलू यांनीं तो देवनागरींत प्रसिद्ध केला. कॅथॉलिकानें रचिलें, प्रॉटेस्टंटानें शोधिलें, आणि वाचलें सर्व महाराष्ट्रानें!

दोन पंथांत भेद नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पोपाचा अधिकार, मरियेचा मान, मिस्सा, हे विषय खरे आहेत, आणि उपदेशकांनीं आपलें मत शास्त्राधारें व सौम्यपणें शिकवावें. फादर स्टीफन्स यांनींहि आपलें मत कधीं सोडलें नाहीं. त्यासाठीं त्यांनीं देश सोडला. परंतु कोंडलेल्या मनुष्याचें दार उघडण्यापूर्वीं त्यांनीं त्याचा पंथ विचारला नाहीं. शोमरोन्याच्या दाखल्याचा अर्थ याहून निराळा तो काय?

म्हणून ज्या घरची लेक दुसऱ्या पंथांत गेली आहे, त्या घरीं उपदेशकांनीं या महिन्यांत एकदां तरी जावें, तिची खुशाली पुसावी, आणि ती माहेरीं आली असेल तर तिला उपासनेस आग्रहानें बोलवावें. संध्याकाळच्या बैठकींत ख्रिस्तपुराणांतील येशूजन्माचा भाग मोठ्यानें वाचावा. ओवी आमच्या लोकांच्या कानांस ओळखीची आहे. ती कोणत्या पंथाच्या पाद्र्यानें रचिली हें वाचन संपल्यावर सांगितलें तरी चालेल.