मारोतराव कन्नमवार

मारोतराव सांबशिव कन्नमवार उर्फ दादासाहेब कन्नमवार (१० जानेवारी १९०० – २४ नोव्हेंबर १९६३) हे स्वातंत्र्यसैनिक, काँग्रेसचे नेते आणि महाराष्ट्र राज्याचे दुसरे मुख्यमंत्री होते. विदर्भातून या पदावर पोहोचलेले ते पहिले नेते होत.

बालपण

कन्नमवारांचे बालपण तत्कालीन चांदा जिल्ह्यात गेले. सिरोंचा, भामरागड, हेमलकसा हा सारा अरण्यप्रदेश त्या काळी याच जिल्ह्यात होता. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला. तेलुगू मुलखाच्या शेजारामुळे 'वार' हा प्रत्यय असलेली आडनावे या भागात पुष्कळ आढळतात. त्यांचे कुटुंब बेलदार समाजातील. दगडमातीचे काम हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय. घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असल्याने शिक्षण फार पुढे जाऊ शकले नाही आणि ज्या वयात इतर मुले शाळेत होती, त्या वयात त्यांनी चांद्यात वृत्तपत्रे विकून पोट भरले. त्यांच्या चरित्रातील हा तपशील पुढे सर्वतोमुखी झाला. परंतु त्यातील कष्टांपेक्षा 'पेपर विकणारा मुलगा मुख्यमंत्री झाला' या नवलाचीच चर्चा अधिक झाली, हे खेदाने नमूद करावे लागते. वशिला, जमीनजुमला वा पदवी यांपैकी काहीही हाताशी नसताना मिळविलेले ते स्वावलंबन होते.

राजकीय कारकीर्द

तरुणपणीच ते राष्ट्रीय चळवळीत ओढले गेले व त्यांनी तुरुंगवास भोगला. जिल्ह्यातील काँग्रेस संघटना त्यांनी गावोगाव हिंडून बांधली. १९५२ नंतर जुन्या मध्य प्रदेशात ते आरोग्यमंत्री होते. महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे इमारती व दळणवळण खाते आले. १९६२ मध्ये ते सावली मतदारसंघातून निवडून आले.

चीनच्या आक्रमणानंतर चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले आणि २० नोव्हेंबर १९६२ रोजी कन्नमवारांनी मुख्यमंत्रिपदाची सूत्रे हाती घेतली. युद्धाच्या सावटाखाली मिळालेली ही कारकीर्द जेमतेम वर्षभराची ठरली. पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही दिवस पी. के. सावंत यांनी कारभार पाहिला व डिसेंबर १९६३ मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले.

कन्नमवारांच्या पत्नी गोपिकाबाई (ताई) पुढे चांदा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आल्या. मुंबईत विक्रोळी येथील कन्नमवार नगर ही वसाहत त्यांच्या नावाने ओळखली जाते.