बांधावरून देश मोजणारे सुखात्मे

बालाजीची यात्रा जवळ आली की आपल्या देऊळगाव राजा परिसरात सोयाबीन काढणीला येतं. त्याच दिवसांत कुठल्यातरी शेतात कृषी सहायक किंवा तलाठी टेप आणि दोरी घेऊन उतरलेले दिसतात. शेतात एक चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं आणि कागदावर चढवायचं. हाच पीक कापणी प्रयोग. अशा मोजक्या शेतांवरून सगळ्या मंडळाचं सरासरी उत्पादन काढतात. पैसेवारी आणि पीकविमा यांचं गणित त्यावर चालतं. म्हणजे घरी शेती असेल, तर तुमच्या हॉस्टेलच्या फीचाही त्या दोरीशी संबंध आहे!

मग घरोघरी एकच प्रश्न निघतो. आपल्या शेतात तर कोणी फिरकलंच नाही, मग आपलं उत्पादन ठरवलं कसं? या प्रश्नाचं उत्तर शोधणारा माणूस मराठीच होता. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

जन्म 27 जुलै 1911, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून 1932 मध्ये गणित घेऊन पदवी मिळवली आणि पुढे लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज गाठलं. तिथे जर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांच्या हाताखाली ते शिकले. भाताचं एक शीत चाचपून भात शिजला की नाही हे आपली आजी सांगते. पण शीत कुठून उचलायचं, किती उचलायची आणि अंदाज किती चुकू शकतो, याचंही शास्त्र असतं. नमुना पाहणीचं ते शास्त्र तेव्हा नुकतंच उभं राहत होतं. सुखात्मे त्यातच घुसले. 1936 मध्ये पीएच.डी. आणि 1939 मध्ये डी.एससी. या पदव्या घेऊन ते मोकळे झाले.

1940 मध्ये ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. त्यांच्यासमोरचं काम अवघड होतं. माणसं मोजायला जनगणना होती. 1881 पासून दर 10 वर्षांनी घरोघरी जाऊन मोजणी होतच होती. (2021 ची हुकली, आता पुढची 2027 ला.) पण पीक घरटी मोजता येत नाही. ते दर हंगामाला बदलतं आणि काढणीचे दिवस मोजकेच असतात. तेव्हा गावपातळीवरचा कर्मचारी उभ्या पिकाकडे बघून आणेवारीचा अंदाज बांधायचा आणि तोच वर सरकायचा. 1943 मध्ये बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली, तेव्हा देशात धान्य नेमकं किती आहे याचा भरवशाचा आकडा सरकारकडे नव्हता.

सुखात्म्यांनी रीत बसवली ती अशी. आधी तालुकावार गट पाडायचे, त्यातून चिठ्ठी टाकल्यासारखी गावं निवडायची, गावातून शेतं आणि शेतातून एक तुकडा. निवड कोणाच्या मर्जीने नाही, तर रँडम आकड्यांच्या तक्त्यावरून. साहेबांना आवडलेलं हिरवंगार शेत चालणार नाही आणि रस्त्याकडेचं सोयीचं शेतही चालणार नाही. कापसावरचे असे सुरुवातीचे प्रयोग आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात झाले, हे किती जणांना माहीत आहे?

खरा वाद पेटला तो तुकड्याच्या मापावरून. कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबीस हे नावाजलेले संख्याशास्त्रज्ञ. त्यांचा भर लहान गोलाकार तुकड्यांवर आणि खास तयार केलेल्या माणसांवर होता. वेळ आणि पैसा वाचतो, हा त्यांचा मुद्दा. सुखात्म्यांनी एकाच पिकात लहान-मोठे तुकडे कापून पाहिले. तुकडा जितका लहान, तितकं एकरी उत्पादन फुगलेलं निघालं.

कारण साधं आहे. दोरीवर आलेलं झाड आत धरायचं की बाहेर? हात आपसूक आत ओढतो. आता हिशोब करा. 5 मीटर बाय 5 मीटरच्या चौकोनाला 25 चौरस मीटर जागेमागे 20 मीटर कड असते. 1 बाय 1 च्या चौकोनाला 1 चौरस मीटरमागे 4 मीटर. म्हणजे तेवढ्याच जागेमागे कड पाचपट आणि चुकीला वावही तेवढाच जास्त. उत्पादन फुगलं की कागदावर दुष्काळ दिसतच नाही. सुखात्म्यांचा आग्रह मोठ्या तुकड्याचा होता आणि काम गावपातळीवरच्या नेहमीच्या कर्मचाऱ्यांनाच शिकवून करून घेण्याचा. स्वातंत्र्यानंतर देशभर हीच पद्धत रुजली. आज गहू, भात अशा बऱ्याच पिकांना 5 बाय 5 चं माप असतं.

1951 मध्ये ते रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख म्हणून गेले आणि जवळपास 20 वर्षं तिथे राहिले. जगातले किती लोक उपाशी आहेत, हा आता त्यांचा प्रश्न होता. जगाची कृषी गणना याच संघटनेच्या कार्यक्रमातून चालते. भारताची पहिली कृषी गणना 1970-71 ची, तीही त्यातलीच. 1971 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

पुण्यात परतल्यावरही ते शांत बसले नाहीत. एकाच माणसाची उष्मांकांची गरज रोज बदलते, त्यामुळे सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरू नये, असं त्यांनी मांडलं. गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर यांच्याशी त्यांचा यावर जोरदार वाद झाला. असं मोजलं तर गरिबांची खरी भूक कागदावरून पुसली जाईल, ही टीकाकारांची भीती होती. ती फालतू नव्हती. पण कुपोषण फक्त ताटातून येत नाही, घाण पाण्यातूनही येतं, हा सुखात्म्यांचा मुद्दाही आज मोडीत काढता येत नाही. 28 जानेवारी 1997 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

यंदा गावात दोरी आणि टेप दिसला, तर मोबाईल खिशात ठेवून दहा मिनिटं बांधावर थांबा. तुकड्याची जागा आकड्याने निवडली की नजरेने, हे विचारा. आणि दोरीवरचं झाड कोणत्या बाजूला गेलं, तेही बघा.