राष्ट्राध्यक्षांचा जीव वाचला नाही, म्हणून हा डॉक्टर भरतकाम शिकला

साल १८९४. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो ल्यों शहरात आले होते. तिथे एका हल्लेखोराने त्यांच्या पोटात खंजीर खुपसला. यकृताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी कापली गेली. ती शिवायची कशी हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. कार्नो गेले.

त्याच शहरात विशीतला अलेक्सिस कॅरेल डॉक्टरकी शिकत होता. ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. तो चक्क भरतकाम करणाऱ्या बाईंकडे गेला आणि बारीक सुई, रेशमी धागा चालवायला शिकला. १९०२ मध्ये त्याने आपली पद्धत मांडली. वाहिनीच्या गोल तोंडाला तीन टाके घालून ताण द्यायचा. गोलाचा त्रिकोण होतो आणि सरळ कडा शिवणं सोपं जातं.

पुढे कॅरेल अमेरिकेत गेले. तिथे त्यांनी प्राण्यांवर अवयव प्रत्यारोपणाचे प्रयोग केले. १९१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पण नुसती शिवण जमून भागत नाही. फुप्फुस काढलं की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. नव्या छातीत बसवून रक्त सोडलं की तेच रक्त घात करू शकतं. पेशींत घातक रेणू तयार होतात, बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, फुप्फुसात पाणी साचतं. याला म्हणतात रिपरफ्युजन इंज्युरी. प्रत्यारोपणानंतरचे पहिले ७२ तास म्हणूनच जोखमीचे असतात.

मग अवयव बाहेर असताना त्याला सांभाळायचं कसं? कॅरेल यांनी यासाठी हात मिळवला थेट वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्याशी. १९३५ मध्ये दोघांनी काचेचा पंप जगासमोर आणला. त्यातून पोषक द्रव फिरवून प्राण्यांचे अवयव शरीराबाहेर कित्येक दिवस जिवंत ठेवले.

कॅरेल यांची दुसरी बाजू मात्र काळी आहे. ‘दर्जेदार’ माणसंच निपजावीत असं सांगणाऱ्या युजेनिक्सचे ते उघड समर्थक होते. १९४४ मध्ये पॅरिसमध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्यावर नाझींना साथ दिल्याचे आरोप होत होते.

माणसावर पहिलं फुप्फुस प्रत्यारोपण झालं १९६३ मध्ये, अमेरिकेत. रुग्ण १८ दिवस जगला. आज दात्याचं फुप्फुस आधी थंड द्रावणाने धुतात. गरज पडली तर यंत्रावर ठेवून त्यातून द्रव फिरवतात, श्वास देतात आणि ते नीट चालतंय का हे तपासतात. शेवटी रक्त सोडताना पहिली काही मिनिटं दाब कमी ठेवून, हळूहळू सोडतात.

शिवण कॅरेल यांनी शिकवली. ती पूर्ण झाल्यावर रक्त किती सावकाश सोडायचं, हे शिकायला मात्र पुढच्या पिढ्या लागल्या.