हलक्या मोटारींचा हट्टी शिल्पकार

सेडान मोटार घेऊ पाहणाऱ्या शौकिनाला एक पेच हटकून पडतो. वळणावर चालकाचा चेहरा खुलवणारी गाडी घ्यावी, की रोज सकाळी किल्ली फिरवताच बिनतक्रार सुरू होणारी? हे दोन्ही गुण एकाच मोटारीत पुरेपूर उतरावेत असे क्वचित घडते. या पेचाचे मूर्तिमंत उदाहरण १९६३ साली इंग्लंडच्या रस्त्यांवर अवतरले. पांढऱ्या रंगाची, अंगावर हिरवा पट्टा मिरवणारी ती दोन दारांची सेडान म्हणजे लोटस कॉर्टिना. तिच्या गुणांचे श्रेय आणि दोषांचे अपश्रेय बव्हंशी एकाच माणसाच्या पदरात पडते. तो माणूस म्हणजे लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन.

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळील रिचमंड येथे झाला. त्यांचे वडील उत्तर लंडनमधील हॉर्न्सी भागात एक हॉटेल चालवीत असत. कॉलिन यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये रचना अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि त्याच काळात ते विमान चालवण्यासही शिकले. पुढील सारे आयुष्य समजून घ्यायचे तर या दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. पुलाचा वा विमानाचा विचार करणाऱ्या अभियंत्याला प्रत्येक दांड्याचा, प्रत्येक पत्र्याचा हिशेब द्यावा लागतो. जो भाग भार उचलत नाही तो केवळ ओझे होय. मोटारीकडेही चॅपमन याच दृष्टीने पाहत.

विद्यार्थिदशेत ते जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करीत. १९४७ साली ब्रिटिश सरकारने खासगी वापरासाठीचा पेट्रोलचा कोटा बंद केला आणि हा धंदा एकाएकी बसला. न विकलेली एक जुनी ऑस्टिन सेव्हन त्यांच्याकडे उरली. तिचेच रूप पालटून १९४८ साली त्यांनी पहिली लोटस उभी केली. कामाची जागा होती त्यांची मैत्रीण हेझल विल्यम्स यांच्या घरामागील गॅरेज. १९५२ साली लोटस इंजिनिअरिंगची रीतसर स्थापना झाली तेव्हा भांडवल म्हणून हेझल यांनी दिलेले २५ पौंड कामी आले. १९५४ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. कंपनीचे नाव कमळावरून का ठेवले, हे चॅपमन यांनी कधीही उघड केले नाही.

मोठ्या इंजिनावर खर्च करण्याऐवजी गाडीचे वजन उतरवावे, हे त्यांचे सूत्र गरिबीतून आले की तत्त्वातून, हे सांगणे कठीण, बहुधा दोन्हींतून. हलकी मोटार थोड्या शक्तीत पळते, लवकर थांबते आणि सहज वळते. १९५७ सालची लोटस सेव्हन ही या विचाराची सर्वांत निखळ खूण. त्याच वर्षी लंडनच्या प्रदर्शनात मांडलेली एलीट तर पोलादी सांगाडा जवळजवळ वगळून काचतंतूंच्या कवचावर उभी होती. ती देखणी होती, पण सस्पेन्शन ज्या ठिकाणी कवचाला जोडले होते तिथे ते कवच हार खाई. शिवाय प्रत्येक गाडीमागे कंपनीला तोटा सोसावा लागला. लोटसच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून दुखण्यांची यादी सुचवणारा विनोद मोटारशौकिनांत पसरला तो उगाच नव्हे.

फोर्ड कंपनीशी त्यांची गाठ पडली ती वृत्तपत्रामुळे. वॉल्टर हेझ हे संपादक असताना त्यांनी चॅपमन यांच्याकडून मोटारविषयक सदर लिहून घेतले होते. हेच हेझ पुढे ब्रिटनमधील फोर्डच्या जनसंपर्काचे प्रमुख झाले. फोर्डची नवी कॉर्टिना ही मध्यमवर्गीय कुटुंबासाठी बनवलेली साधी, स्वस्त आणि भरवशाची गाडी होती. तिला शर्यतीचे वलय हवे होते. शर्यतीच्या नियमांनुसार तशा एक हजार गाड्या तयार होणे आवश्यक होते. तेव्हा लोटसने आपले १५५८ सीसीचे, दोन कॅमशाफ्टचे इंजिन कॉर्टिनात बसवून द्यावे असे ठरले. इंजिनाचा खालचा भाग मुळात फोर्डचाच होता. वरचे हेड हॅरी मंडी यांनी रचले होते. शक्ती १०५ अश्वशक्ती, म्हणजे मूळ १२०० सीसीच्या कॉर्टिनाच्या दुपटीहून अधिक.

इंजिन बसवून गप्प राहणे चॅपमन यांच्या स्वभावात नव्हते. दारे, बॉनेट आणि डिकीचे झाकण त्यांनी ॲल्युमिनियमचे केले. गीअरबॉक्स आपल्या एलान या स्पोर्ट्स कारमधून आणला. खरा बदल मात्र मागच्या चाकांपाशी होता. साध्या कॉर्टिनाचा मागचा ॲक्सल लीफ स्प्रिंगवर, म्हणजे गॅरेजच्या बोलीत पाट्यांवर, टेकलेला असे. पाटे भारही पेलतात आणि ॲक्सलला जागेवरही धरतात. दोन कामे एकाच अवयवाकडे. वळणावर मात्र ही पकड काहीशी सैल पडते. चॅपमन यांनी पाटे काढून टाकले, भारासाठी कॉइल स्प्रिंग दिल्या आणि ॲक्सलला आडवे सरकू न देण्यासाठी इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची चौकट डिफरन्शियलच्या आवरणाला खालून जोडली. कागदावर ही रचना निर्दोष होती. शर्यतीच्या मैदानावरही ती खुलली. स्कॉटलंडचे जिम क्लार्क वळणावर आतले पुढचे चाक हवेत उचलून, तीन चाकांवर ही सेडान फेकत नेत. त्यांच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट मोठ्या इंजिनाच्या गाड्यांचे चालक आरशात पाहून अस्वस्थ होत. १९६४ चे ब्रिटिश सलून कार अजिंक्यपद क्लार्क यांनी याच गाडीवर मिळवले.

तथापि ग्राहक रोज शर्यत खेळत नसतो. त्याला कार्यालयात जायचे असते, मुलांना आजोळी न्यायचे असते, खाचखळग्यांतून वाट काढायची असते. फोर्डच्या डिफरन्शियलचे आवरण असा ताण सोसण्यासाठी घडवलेलेच नव्हते. चौकटीच्या ओढीने त्यावरील बोल्ट सैल होत, तेल झिरपू लागे, ते तेल चौकटीच्या रबरी बुशांवर पडून बुश मऊ होत आणि मग ज्या नेमक्या पकडीसाठी हा सारा खटाटोप केला तीच नाहीशी होई. तेल संपल्याचे वेळीच ध्यानात आले नाही, तर दातेरी चाकेही कामातून जात. चूक एका पुर्जाची नव्हती. दुसऱ्याच्या सामान्य भागावर असामान्य जबाबदारी टाकण्याची ती चूक होती, आणि चॅपमन यांच्या कारकिर्दीत ती पुन्हा पुन्हा आढळते.

फोर्डने उपाय केला तो अगदी गृहस्थी. १९६५ च्या मध्यास ती चौकट रद्द झाली आणि कॉर्टिना जीटीचे पाटे परत आले. ॲल्युमिनियमचे पत्रे त्याआधीच मागे पडले होते. गाडीचे वजन किंचित वाढले, चपळाईत जाणकारांना थोडी उणीव भासली असेल. पण तेलाचे डाग थांबले. आणि त्याच १९६५ साली सर जॉन व्हिटमोर यांनी लोटस कॉर्टिनावर युरोपीय अजिंक्यपद जिंकले. विश्वासार्हता आली म्हणून वेग गेला, असे झाले नाही. १९६७ साली दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा फोर्डने जुळणीचे काम लोटसकडे न ठेवता डॅगनहॅमच्या आपल्या कारखान्यात नेले.

रस्त्यावरच्या गाडीत बेभरवशाची किंमत गॅरेजच्या बिलात मोजली जाते. शर्यतीत ती निराळ्या चलनात मोजावी लागते. १९६० साली बेल्जियममधील स्पा येथे स्टर्लिंग मॉस यांच्या लोटसचे चाक निखळले आणि त्यांचे दोन्ही पाय मोडले. त्याच सरावात माइक टेलर यांच्या लोटसच्या स्टिअरिंगचा दांडा तुटला. त्यांची कारकीर्द तिथेच संपली. चॅपमन यांचे कर्तृत्व कमी लेखण्याचे कारण नाही. १९६२ ची लोटस २५, भुईलगतच्या हवेचा उपयोग करणारी १९७८ ची लोटस ७९ आणि एकूण सात उत्पादक अजिंक्यपदे यांनी फॉर्म्युला वनचे रूपच पालटले. पण १९६९ साली बार्सिलोनात पंख तुटून अपघात झाल्यावर त्यांचाच चालक योखेन रिंट याने पत्र लिहून गाड्यांचे नाजूक भाग थोडे वजन वाढवून बळकट करण्याची विनवणी केली होती. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझा येथे रिंटच्या गाडीच्या पुढच्या ब्रेकचा दांडा तुटला. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. चॅपमन यांची इटलीतील खटल्यातून पुढे मुक्तता झाली, परंतु त्या पत्राचे ओझे न्यायालयाला उतरवता येण्यासारखे नव्हते.

उतारवयात, म्हणजे पन्नाशी ओलांडताना, चॅपमन यांचे पाऊल थोडे वळलेले दिसते. लोटसने जपानच्या टोयोटाशी सहकार्य केले आणि १९८२ साली आलेल्या एक्सेल या चार आसनी गाडीत टोयोटाचा गीअरबॉक्स वापरला. ज्या माणसाने इतरांचे भाग त्यांच्या ताकदीपलीकडे ताणले, त्याने अखेर भरवशासाठीच प्रसिद्ध असलेल्यांचा भाग जसाच्या तसा स्वीकारावा, हे विशेष. दुर्दैवाने त्याच सुमारास डीलोरिअन मोटारीच्या विकासासाठी आलेल्या पैशांच्या अपहाराची छाया त्यांच्यावर पडली. १६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५४. त्याच दिवशी लोटसच्या चमूने स्वतःहून उंची सावरणाऱ्या सक्रिय सस्पेन्शनची पहिली चाचणी स्नेटर्टनच्या मैदानावर घेतली. अपहार प्रकरणी १९९२ साली कंपनीच्या माजी वित्तप्रमुखास शिक्षा झाली, तेव्हा चॅपमन हयात असते तर त्यांना किमान दहा वर्षांची कैद झाली असती असा अभिप्राय न्यायाधीशांनी नोंदवला.

लोटस कॉर्टिनाच्या अनेक मालकांनी तेलगळतीला कंटाळून आपल्या जुन्या गाडीतील ती चौकट काढून पाटे बसवून घेतले होते. आता जुन्या मोटारींचे संग्राहक नेमक्या त्याच गाड्या शोधतात आणि पदरमोड करून पाटे काढून चौकट पुन्हा जागेवर बसवतात.