न्यायमूर्ती रानडे : इंग्रजी निबंधात स्वतःचे मत लिहिणारा विद्यार्थी





न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची जयंती १८ जानेवारीला आणि पुण्यतिथी १६ जानेवारीला येते. आपल्या शाळेत हाच महिना बोर्डाच्या परीक्षेच्या तयारीचा. म्हणून या अंकात आम्ही त्यांचे चरित्र सांगत आहोत. पण त्याआधी आपल्याच शाळेतली एक गोष्ट सांगितली पाहिजे.

अर्धवार्षिक परीक्षेत इंग्रजीच्या पेपरात निबंधाला विषय होता, शाळेचे मैदान लग्नकार्यासाठी भाड्याने द्यावे की देऊ नये. बहुतेक मुलांनी गाईडमधला खेळांच्या महत्त्वावरचा पाठ केलेला निबंध उतरवून काढला. प्रश्नाचे उत्तर त्यात कुठेच नव्हते. दहावीतल्या एका मुलाने मात्र सरळ लिहिले की मैदान देऊ नये. मांडवाचे खिळे पायात जातात आणि सरावाचे दिवस बुडतात, ही कारणेही त्याने दिली. पेपर तपासताना हे लिहिणे उद्धटपणाचे वाटले आणि गुण कापले गेले. दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे वडील आमच्याकडे आले. गुण वाढवून मागतील असे आम्हाला वाटले होते, पण ते आले होते मुलाच्या वतीने माफी मागायला. त्या वेळी आम्हाला रानडे आठवले.

महादेवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव पुढे कोल्हापूर संस्थानात नोकरीला होते, त्यामुळे बालपण कोल्हापुरात गेले. लहानपणी हा मुलगा इतका अबोल होता की घरच्यांना त्याची काळजीच वाटे. त्याच्या बालपणाची एक गोष्ट आपल्या आजीने आपल्याला सांगितली असेलच. खेळायला कोणी गडी नव्हता, तेव्हा छोटा महादेव घरातल्या खांबाशी सोंगट्या खेळायला बसला. एका हाताने स्वतःचे दान टाकायचे आणि दुसऱ्या हाताने खांबाचे. शेवटी खांब जिंकला आणि महादेव हरला. पाहणाऱ्यांनी थट्टा केली, पण त्याने आपली हार कबूल केली. खांबाच्या दानात त्याने लबाडी केली नव्हती. ही गोष्ट मुलांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे आम्हाला तिच्याकडे परत यायचे आहे.

कोल्हापूरचे इंग्रजी शिक्षण झाल्यावर महादेवराव वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षी मुंबईला एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये आले. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. तिच्यात फक्त २१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले, त्यांत रानडे होते. १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर झाले. रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पुढे १८६४ मध्ये एम.ए. आणि १८६६ मध्ये कायद्याची पदवी. वाचन इतके की डोळे कायमचे अधू झाले. त्या काळी इतिहास असो की अर्थशास्त्र, सगळे पेपर इंग्रजीतच लिहावे लागत. घरी मराठी बोलणारी ही मुले परक्या भाषेत विचार मांडायला शिकत होती. आपल्यासारखीच, असे म्हणायला हरकत नाही. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली. इंग्रजीच्या पेपराची धडकी काय असते हे आम्हाला कोणी सांगायला नको.

याच कॉलेजच्या दिवसांत ती घटना घडली. रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांचे राज्य आणि इंग्रजांचे राज्य यांची तुलना केली आणि इंग्रजी राज्याला कमीपणा येईल असे मत मांडले. १८५७ चा उठाव होऊन फार वर्षे झाली नव्हती. कॉलेज सरकारी आणि प्राध्यापक साहेब. निबंध सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या हाती गेला. ग्रँटसाहेब मोठे विद्वान होते आणि रानड्यांच्या बुद्धीवर त्यांचा लोभ होता. तरीही त्यांना हे रुचले नाही. त्यांनी या तरुणाला बोलावून समज दिली की जे राज्य तुला शिकवते आहे त्याची निंदा तू करू नयेस. आणि सहा महिन्यांसाठी त्याची शिष्यवृत्ती बंद केली.

शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाला सहा महिने म्हणजे काय, हे आपल्या पालकांना समजावून सांगण्याची गरज नाही. रानड्यांनी शिक्षा सोसली. मत लिहिणे सोडले नाही आणि गुरूविषयी मनात अढीही धरली नाही. आमच्या मते त्यांच्या चरित्रातली सगळ्यात शिकण्यासारखी जागा हीच आहे. मत वेगळे असू शकते आणि आदरही राहू शकतो. पुढे १८६८ मध्ये रानडे त्याच एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले.

तोवर त्यांची लेखणी बाहेरही चालू झाली होती. १८६२ मध्ये निघालेल्या इंदुप्रकाश या पत्राची इंग्रजी बाजू त्यांनी सांभाळली. १८७१ मध्ये ते न्यायखात्याच्या नोकरीत पुण्याला आले आणि सार्वजनिक सभेचे प्राण बनले. १८७८ मध्ये सभेचे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले, त्यातले कितीतरी लेख रानड्यांचे असत. दुष्काळ, शेतसारा, शेतकऱ्याचे कर्ज, असे विषय. सरकारी नोकराने सरकारच्या धोरणाची चिकित्सा करायची म्हणजे तारेवरची कसरत. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले तेव्हा सरकारला पुण्यातल्या सगळ्याच विचारी माणसांचा संशय येऊ लागला. रानड्यांची बदली धुळ्याला झाली. धुळ्यात तर त्यांची टपालाची पत्रे फोडून पाहिली जात. संशय फिटायला वेळ लागला, पण फिटला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

आता ते वाद कसा मांडत हे पाहू. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी हिंदुस्थानच्या अर्थशास्त्रावर इंग्रजीत व्याख्यान दिले. त्या काळी साहेबी पुस्तकांतले अर्थशास्त्राचे नियम सगळ्या देशांना आणि सगळ्या काळांना लागू आहेत असे मानत. रानड्यांनी आरंभीच त्या नियमांची चेष्टा केली नाही. आधी ते मत नीट मांडले. मग ते नियम कोणत्या गृहीतांवर उभे आहेत हे एकेक करून दाखवले. ती गृहीते आपल्या देशाला लागू पडत नाहीत, इतर देशांच्या विद्वानांनीही त्यांना हरकत घेतली आहे, हे सांगितले. आणि शेवटी आपले मत दिले की इथे उद्योगधंदे वाढले पाहिजेत आणि सरकारने त्यांना हात दिला पाहिजे. मुलांनो, लहानपणीचा खांब आठवा. समोरच्या बाजूचे दानही त्यांनी तितक्याच प्रामाणिकपणे टाकले. म्हणूनच त्यांचे म्हणणे विरोधकालाही ऐकावे लागे.

ही विद्या त्यांनी दुसऱ्यांना शिकवली. गोपाळ कृष्ण गोखले तरुणपणी त्यांच्याकडे आले. रानडे त्यांच्याकडून सरकारी अहवाल वाचून घेत, आकडे तपासून घेत आणि लेख पुन्हा पुन्हा लिहून घेत. एकदा गोखल्यांना वाटले की इतक्या कष्टाने लिहिलेल्या अर्जाला सरकार दोन ओळींचे उत्तर देते, मग उपयोग काय? रानड्यांनी समजावले की अर्ज नावाला सरकारसाठी असतात, खरे वाचक आपले लोक आहेत. त्यांना विचार करायची सवय लागली पाहिजे.

रानड्यांचे जीवन सगळे उजळच होते असे सांगून आम्ही मुलांची फसवणूक करणार नाही. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पण १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले. लोकांनी त्यांना बोल लावला आणि तो अगदीच खोटा नव्हता. कागदावर मत लिहिणे एक वेळ सोपे, घरात ते पाळणे कठीण. पुढे त्यांनी रमाबाईंना घरच्या बायकांचा रोष पत्करून मराठी आणि इंग्रजी शिकवले. त्याच रमाबाई पुढे पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या आणि त्यांनी लिहिलेल्या आठवणींमुळेच आपल्याला रानडे घरातून पाहायला मिळतात.

इंग्रजीत इतके लिहूनही मराठी त्यांना परकी झाली नाही. विद्यापीठात मराठीला जागा मिळावी म्हणून ते वर्षानुवर्षे झटले. १९०० मध्ये मराठी सत्तेच्या उदयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या सत्तेबरोबर धार-देवासचे पवार, इंदूरचे होळकर आणि आपले पूर्वज मालव्यात आले, तिची पायाभरणी एकट्यादुकट्याच्या पराक्रमाने झाली नाही, त्यामागे संतांपासून शेतकऱ्यांपर्यंत सारा समाज होता, असे त्यांनी त्यात मांडले. म्हणजे विद्यार्थीदशेत ज्या विषयावर लिहून शिक्षा भोगली, त्याच विषयाकडे ते उतारवयात पुरेशा पुराव्यानिशी परत आले. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आपल्या शाळेची काही मुले पुढे परदेशी शिकायला जाण्यासाठी आयईएलटीएसची परीक्षा देतात. तिच्यात साधारण ४० मिनिटांत किमान २५० शब्दांचा निबंध लिहायचा असतो आणि पुष्कळदा एखाद्या मताशी आपण सहमत आहात का, असेच विचारलेले असते. तिथे पाठांतर कामाला येत नाही. प्रश्न नीट वाचा, आपले मत आरंभीच स्पष्ट लिहा, कारणाला उदाहरण जोडा, समोरच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊन त्याला उत्तर द्या आणि भाषा सभ्य ठेवा. कोणते मत घेतले याला गुण नसतात. ते कसे मांडले याला असतात.

आता त्या दहावीच्या मुलाचे. आम्ही त्याचा पेपर पुन्हा वाचला. व्याकरणाच्या चुकांचे गुण कापले ते बरोबरच होते, ते तसेच ठेवले. मत मांडल्याबद्दल कापलेले गुण परत दिले. पण त्याला बोलावून एक विचारले. मैदानाच्या भाड्यातून शाळेचे पंखे आणि प्रयोगशाळेचे सामान येते, त्याचे काय? त्याने हा मुद्दा लिहिलाच नव्हता. आठ दिवसांनी तो नवीन निबंध घेऊन आला. भाडे बंद करू नये, पण परीक्षेच्या आणि सामन्यांच्या दिवसांत मैदान देऊ नये आणि मांडववाल्यांकडून साफसफाईची अनामत रक्कम घ्यावी, असे त्याने लिहिले आहे. इंग्रजी अजून कच्चे आहे, पण वाद पक्का आहे.

हा निबंध आम्ही विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत ठेवणार आहोत. विश्वस्तांना तो मान्य होवो वा न होवो, त्यांनी तो पूर्ण वाचावा अशी नम्र विनंती आहे. आणि पालकांना विनंती इतकीच, की मुलाने सभ्य शब्दांत वेगळे मत लिहिले तर त्याची माफी मागायला शाळेत येऊ नये.

सर्व विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी शुभाशीर्वाद.

– प्राचार्य, बागली