गुरूच्या शेजारची भिंत

बँकेत असताना मृत्युपत्रांच्या कितीतरी नकला माझ्या टेबलावरून गेल्या. घर थोरल्याला, दागिने लेकीला, ठेवी पत्नीच्या नावे. सगळा मामला घरातल्या घरात. त्यामुळे टर्नर या इंग्रज चित्रकाराच्या मृत्युपत्रातली अट वाचली तेव्हा मी चकितच झालो. आपली दोन चित्रे त्याने देशाला दिली होती, पण ती क्लोद लोरँ या जुन्या चित्रकाराच्या दोन चित्रांशेजारीच टांगली पाहिजेत, या बोलीवर!

टर्नर १७७५ साली लंडनमध्ये एका न्हाव्याच्या घरी जन्मला. वडील पोराची चित्रे दुकानात लावून दोन-तीन शिलिंगांना विकत. चौदाव्या वर्षी तो रॉयल अकॅडमीच्या शाळेत गेला आणि सव्विसाव्या वर्षी त्याच अकॅडमीचा पूर्ण सभासद झाला. घरात मात्र सुख नव्हते. आईचे मन ताळ्यावर राहिले नाही. तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले आणि १८०४ मध्ये ती गेली. वडील पुढे मुलाजवळच राहिले. त्याचे कॅनव्हास ताणून देणे, वार्निश लावणे ही कामे म्हातारा हौसेने करी. १८२९ मध्ये तेही गेले आणि त्याच वर्षी टर्नरने मृत्युपत्र लिहायला घेतले.

आता हा क्लोद कोण? लोरेन प्रांतात जन्मलेला, रोममध्ये आयुष्य काढून १६८२ मध्ये वारलेला. त्याच्या १६४८ सालच्या चित्रात शेबाची राणी बंदरावरून निघाली आहे. दोन्ही बाजूंना भव्य इमारती, मधे समुद्र आणि क्षितिजावर सकाळचा सूर्य. उन्हाने सगळे उजळले आहे, पण प्रत्येक खांब, प्रत्येक डोलकाठी आपापल्या जागी स्वच्छ दिसते. टर्नरने तीच मांडणी घेऊन १८१५ मध्ये कार्थेज नगरी उभारणारी डायडो राणी रंगवली. इथे मात्र ऊन शिस्तीत राहत नाही. पिवळाधमक उजेड पाण्यावरून सांडत येतो आणि दगडी इमारतींच्या कडासुद्धा विरघळवू लागतो. क्लोदने सूर्याच्या उजेडात जग दाखवले. टर्नरला खुद्द उजेडच रंगवायचा होता.

दुसरे चित्र त्याहून धाडसाचे. धुक्यातून वर येणारा फिकट सूर्य आणि किनाऱ्यावर मासळी साफ करणारे, विकणारे कोळी. विकून टाकलेले हे चित्र त्याने १८२७ मध्ये लिलावात बोली लावून परत घेतले, आणि पुढे क्लोदच्या शेजारासाठी तेच नेमले. जिथे राणीची स्वारी निघाली आहे, तिथेच न्हाव्याच्या मुलाने आपले कोळी नेऊन बसवले.

याला अहंकार म्हणावे का? थोडा असेलही. पण गुरूशेजारी उभे राहण्यात धोकाही असतो. एकटे चित्र खपून जाते, शेजारी थोर चित्र आले की उणीव लगेच दिसते. ती जोखीम टर्नरने कायमची पत्करली.

१९ डिसेंबर १८५१ रोजी तो गेला. आपल्या पैशातून गरीब, वृद्ध चित्रकारांसाठी आश्रयस्थान व्हावे, ही त्याची मोठी इच्छा होती. नातेवाईक कोर्टात गेले. १८५६ मध्ये निकाल लागला: पैशाचा मोठा वाटा नातेवाइकांना, चित्रे राष्ट्राला. सुमारे तीनशे तैलचित्रे आणि हजारो रेखाटने देशाच्या पदरात पडली. आश्रयस्थान कागदावरच राहिले. मृत्युपत्र कितीही काळजीपूर्वक करा, माणूस गेल्यावर त्याचा अर्थ इतर लोक लावतात, हे मी बँकेत अनेकदा पाहिले होते.

भिंतीची अट तेवढी नॅशनल गॅलरीने पाळली. लेकीकडे किंवा मुलाकडे लंडनला जाणे झाले, तर ट्रॅफल्गार चौकातल्या या गॅलरीत जरूर जा; प्रवेशाला पैसे पडत नाहीत. ही चार चित्रे शोधा, दहा मिनिटे समोर उभे राहा आणि नातवंडांना विचारा, कोणता सूर्य अधिक खरा वाटतो? टर्नरला एवढेच तर हवे होते.